जुन्या होडीचे थ्रू-हल बदलताना आट्यांकडे आधी बघा

समुद्रावर वापरलेली जुनी फायबरची शिडाची होडी सोलापूरला आणलीय, उजनीत उतरवायचीय, पाण्याखालचे एक इंची थ्रू-हल (होडीच्या कवचातून आरपार जाणारी, बाहेर कॉलर असलेली आट्यांची नळी) आणि त्यांवरचे पितळी कॉक म्हणजे व्हॉल्व्ह हिरवे पडलेत. नवे बसवताना सीलंट कुठलं वापरू, असा प्रश्न आहे. सीलंटचं नंतर बघू. खरी भानगड आट्यांत आणि भोकाच्या कडेत असते.

पितळ चाकूनं खरवडा. पिवळ्याऐवजी तांबूस निघालं तर खाऱ्या पाण्यात जस्त निघून गेलंय, धातू भुसभुशीत झालाय. मग फेकाच. नवीन घेताना गनमेटल (कथील मिसळलेलं तांबं) मागा. बॉयलरचं सामान विकणाऱ्यांकडे गनमेटल व्हॉल्व्ह मिळतात, साधे प्लंबिंगचे पितळी नकोत.

आता आटे. थ्रू-हल अमेरिकन मापाचा असेल तर एका इंचात साडेअकरा आटे, आपल्याकडच्या बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाच्या) व्हॉल्व्हला अकरा. दोन-तीन वळसे गोडीत जातात, मग अडकतं, आणि पाना लावून ओढलं की वाटतं छान घट्ट बसलं. उद्या कुणाचा पाय त्या व्हॉल्व्हवर पडला की तेवढ्याच आट्यांवर सगळा भार! टेफ्लॉन टेप गुंडाळून हे सुटत नाही. दोन्ही तुकडे एकाच मापाचे घ्या, दुकानातच हातानं पूर्ण फिरवून बघा.

जुना काढताना हातोडा नको. बाहेरची कॉलर ग्राइंडरनं घासून उडवा, बाकीचा आत ढकलला जातो. मग भोकाची कड बघा. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा (हलकं लाकूड) किंवा फोम दिसला तर तो कडेपासून १२-१५ मिमी आतपर्यंत कोरून काढा, पूर्ण वाळू द्या, सिलिका पावडर मिसळून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, आणि कडक झाल्यावर ३४ मिमीचं भोक पाडा (एक इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.२ मिमी). एप्रिल-मेच्या दुपारी इपॉक्सी डब्यातच तापून गोठतं. पहाटे, थोडं थोडं कालवा.

आतून १२ मिमी मरीन प्लायची चकती, सगळीकडून इपॉक्सी लावलेली, कॉलरच्या दुप्पट व्यासाची. होडीला बाक असतो, म्हणून चकतीखाली घट्ट इपॉक्सीची गादी द्या, नाहीतर नट एकाच कडेवर दाबतो.

सीलंट मरीन दर्जाचं पॉलियुरेथेन. पाण्याखाली सिलिकॉन नको. आधी सगळं कोरडं जोडून बघा, मग ॲसिटोननं पुसून सीलंट लावा. एकानं बाहेरून कॉलर धरायची, दुसऱ्यानं आतून नट आवळायचा. चहूबाजूंनी सारखं बाहेर आलं की थांबा. जास्त आवळलं तर मधलं सगळंच पिळून निघतं. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पिकतं, त्यामुळे सोलापूरच्या कोरड्या उन्हात उलट वेळ लागतो. आठवडाभर हात लावू नका.

पाइपच्या टोकाला लांबी पुरत असेल तर दोन स्टेनलेस क्लिपा, आणि व्हॉल्व्हशेजारी, तो तुटलाच तर भोक बुजवायला, मापाची लाकडी गुल्ली दोरीनं बांधून ठेवा. होडी पाण्यात गेल्यावर तासाभरानं प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर त्याच दिवशी वर काढा.