सगळ्यांची चूक एकसारखी कशी?

प्रश्न : नेरुळच्या डीपीएस तळ्यावरच्या फ्लेमिंगोंचे फोटो मी फेसबुकवर टाकते. एरवी ओळखीचीच माणसं दोन शब्द लिहितात. हे तळं राखायला हवं असं परवा लिहिलं, तर थोड्याच वेळात अनोळखी खात्यांवरून कमेंटची रांग लागली. बहुतेकांचं वाक्य एकच, पक्ष्यांपेक्षा माणसांना घरं हवीत अशा अर्थाचं. स्क्रीनशॉट सोबत पाठवतेय. सून म्हणते, सगळे बॉट आहेत, म्हणजे यंत्राने चालवलेली खाती, ब्लॉक करा. पण हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : ताई, सूनबाईंचा संशय रास्त आहे, पण सरसकट ब्लॉक करू नका. मी तुमचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून वाचले. ‘पक्ष्यांपेक्षा’ हवं तिथे सगळीकडे ‘पक्षांपेक्षा’ आहे. ही चूक कोणाच्याही हातून होते. पण प्रत्येक कमेंटमध्ये उद्गारचिन्हाआधी रिकामी जागा सुटलीय आणि पुढे तेच दोन इमोजी त्याच क्रमाने आलेत. म्हणजे मजकूर एकाच जागी तयार झालाय, एवढं नक्की. तो यंत्राने पसरवला की व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर माणसांनीच चिकटवला, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकेका खात्यात डोकवावं लागतं.

तिथे फोटो आणि नावापेक्षा वागणं बघा. सकाळी पक्ष्यांवर राग, दुपारी क्रिप्टोची जाहिरात, रात्रभर दर काही मिनिटांनी भलत्याच राज्यातल्या पोस्टवर कमेंट, आणि स्वतःच्या पोस्टखाली एकाही ओळखीच्या माणसाचा शब्द नाही, असं दिसलं तर ते खातं यंत्र चालवत असण्याची शक्यता मोठी. बाईच्या नावाने ‘मी तिथेच राहतो’ असं लिहिलेलं आढळलं, तरी लगेच निकाल देऊ नका. आपल्याकडे बायकोच्या खात्यावरून लिहिणारे नवरे पुष्कळ आहेत, आणि नवी मुंबईत मराठी नव्याने शिकणारेही.

जुन्या खुणा आता फारशा भरवशाच्या राहिल्या नाहीत. कुलूप लावलेलं प्रोफाइल? ती सोय फेसबुकने 2020 मध्ये भारतात आणली आणि असंख्य बायका ती सुरक्षेसाठी वापरतात. नावापुढे आकड्यांची शेपटी? एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) नवीन खातं उघडताना ती आपोआपच मिळते. मोडकं मराठीही पुरावा नाही, कारण आता यंत्रं बऱ्यापैकी शुद्ध लिहितात. खातं जुनं आहे म्हणूनही विश्वास ठेवू नका. 2019 च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकने सुमारे 220 कोटी बनावट खाती बंद केली, त्यांतली बहुतेक उघडल्यानंतर काही मिनिटांतच. नवं खातं असं पटकन पकडलं जातं, म्हणून जुनी, हॅक केलेली खाती विकत घेतली जातात. प्रोफाइलचा फोटो मात्र गूगल लेन्सवर टाकून पाहाच, तो दुसरीकडून उचललाय का ते कळू शकतं. इन्स्टाग्रामवर बऱ्याच खात्यांच्या नावावर दाबलं की खातं कधी उघडलं, कुठल्या देशातलं आहे, हे दिसतं.

आता मला मनापासून सांगायचंय ते. त्या कमेंटमध्ये एक वेगळी आहे. ती लिहिणारा म्हणतो, ‘माझं घर तिथे होणार होतं, भाडं मी किती वर्षं भरू?’ हा माणूस आहे. त्याला बॉट म्हणू नका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, 2022 मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जाही मिळाला. भरतीला खाडी पाण्याखाली गेली की हे पक्षी तुमच्या तळ्यासारख्या पाणथळींवर येऊन थांबतात. हे त्याला समजावून सांगा. तो मानणार नाही कदाचित, पण पोस्ट वाचणारे इतर लोक ते वाचतील. एकाच साच्यातल्या बाकीच्यांना उत्तर अजिबात देऊ नका, कारण प्रत्येक उत्तराने ती कमेंट आणखी लोकांना दिसते. रिपोर्ट करा आणि लपवा.

प्रश्न : माझाच फोटो आणि नाव लावून कोणी दुसरं खातं उघडलंय. नातेवाइकांकडे पैसे मागतोय.
– कोपरी, ठाणे

उत्तर : हा बॉटचा प्रकार वाटत नाही, मागे ठग माणूस असणार. आधी त्या खात्याची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, मग स्वतः आणि नातेवाइकांकडून ‘तोतया खातं’ म्हणून रिपोर्ट करा. तुम्ही तक्रार केल्यापासून 24 तासांत कंपनीने ते हटवायला हवं, असा 2021 चा नियम होता; 2026 च्या दुरुस्तीनंतर ही मुदत 2 तासांवर आली आहे. कोणी पैसे पाठवले असतील तर त्यांनी क्षणभरही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.