रात्री झोपताना गाणी लावल्यानं झोप चांगली लागते का?

तुम्ही विचारलंय की सेकंड शिफ्ट करून घरी आल्यावर डोळाच लागत नाही, तर गाणी लावून पडलं तर फायदा होतो का उलट आहे ती झोप पण जाते. फायदा होतो, पण कुठलं गाणं लावताय त्यावर सगळं आहे.

मी पण बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं, लोखंडाचे पार्ट कापणारं मशीन) आहे. रात्री दहाला शिफ्ट सुटते, गाडीवरनं वडगावला यायचं, जेवायचं, अंग पार दमलेलं असतंय पण कानात तो कॉम्प्रेसर चालूच, त्यात गल्लीत कुणाचे तरी माग चालू असले की त्यांची खटखट, आणि पडलं की डोकं लगेच रिजेक्ट झालेल्या जॉबकडं, म्हणजे बाद झालेल्या पार्टकडं पळतंय. अशा वेळी सावकाश चालीचं काहीतरी बारीक आवाजात लावलं की मन त्याला धरून बसतंय, श्वास पण हळू होतो. हे नुसतं माझं म्हणणं नाही, २०२२ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) झोपेचा त्रास असलेल्या मोठ्या माणसांवरचे १३ अभ्यास एकत्र तपासले, त्यात हजारावर माणसं होती, आणि रोज २५ ते ६० मिनिटं संगीत ऐकणाऱ्यांनी आपली झोप सुधारली असं सांगितलं.

आता गाण्याचं बघा. दिवसभर रील्समधून कानावर पडणारी, तोंडात बसलेली गाणी झोपताना अजिबात नकोत, ती बंद केली तरी डोक्यात फिरत राहतात. अमेरिकेत बेलर युनिव्हर्सिटीनं २०२१ मध्ये हेच दाखवलं, आणि त्यात एक गोष्ट मला फार पटली, गाजलेल्या गाण्यांची शब्द काढून नुसती वाद्यांवरची धून लावली तर ती जास्तच चिकटते आणि झोप जास्त बिघडते. म्हणजे शब्द नाहीत म्हणून चालेल असं समजू नका.

आपल्याकडं बरेच जण भजन किंवा शास्त्रीय लावतात, चांगलंच आहे, पण अभंग सुरू सावकाश होतो आणि शेवटी टाळ-मृदंगाचा गजर असा चढतो की लागत आलेला डोळा उघडतो. शास्त्रीय गायनातल्या ख्यालाचं पण तसंच, विलंबित म्हणजे सावकाश भागानंतर द्रुत म्हणजे जलद भाग येतंच. म्हणून नुसती आलापी, म्हणजे ठेक्याशिवाय सावकाश सूर, घ्या, बासरी किंवा सरोदवर, नाहीतर फक्त तानपुरा. गायक कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, मला जीव की प्राण, पण त्यांचं गाणं रविवारी सकाळी जागेपणी ऐकायचं, झोपायला नाही.

लावायची पद्धत पण महत्त्वाची आहे. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर मध्येच जाहिरात दणकन वाजते. पाऊण तासाचा टायमर लावून फोन पालथा करून लांब फळीवर ठेवा, हातात राहिला की व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच समजा. कानात बड्स घालून झोपू नका, बारीक स्पीकर बरा, घरातल्यांना पण त्रास नाही. रोज तेच लावा, दोन-तीन आठवडे तरी करून बघा, एका रात्रीत काही कळत नाही.

आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरताय, मधेच श्वास अडकतोय, दिवसा मशीनसमोर डुलकी येतेय, तर गाण्याच्या नादात दिवस घालवू नका, आधी डॉक्टरला दाखवा, मशीनवर डुलकी म्हणजे हात जायचं काम आहे.