कंट्रोल लाइन स्टंट विमानाला विजेची मोटार: हिशेब लॅपच्या वेळेपासून धरावा

तुम्ही लिहिले आहे की ०.४० घनइंचाच्या (‘४०’ च्या) ग्लो, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या छोट्या, इंजिनावर उडणाऱ्या विमानात ११०० केव्हीची मोटार, पाच सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी आणि ११ × ५.५ इंचांचा (व्यास × पिच) प्रॉप, म्हणजे पंखा, बसवल्यापासून शेवटच्या मिनिटात विमान मंदावते, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि दोन बॅटऱ्या फुगल्या. मोटार आधी विकत घेतली आणि हिशेब नंतर केला, हे या तिन्ही तक्रारींचे मूळ आहे. स्टंटमध्ये, म्हणजे तारांवर स्वतःभोवती फिरवत विमानाच्या कसरती करताना, हिशेब लॅपच्या, म्हणजे एका पूर्ण वर्तुळाच्या, वेळेपासून सुरू करावा लागतो.

तारा धरलेल्या हातातल्या हँडलपासून विमानाच्या मध्यापर्यंतचे अंतर २० मीटर धरले, तर एक लॅप सुमारे १२६ मीटरचा होतो. तुम्हाला ५.३ सेकंदांचा लॅप हवा असेल, तर वेग सेकंदाला जवळपास २४ मीटर पडतो. ५.५ इंच पिचचा प्रॉप एका फेऱ्यात साधारण १४ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे ढोबळमानाने मिनिटाला १०,२०० फेरे लागतील. नेमका आकडा मैदानावर स्टॉपवॉच लावून शंभर-दोनशे फेऱ्यांनी वरखाली करायचा असतो.

आता केव्ही, म्हणजे एका व्होल्टमागे मोटारीचे बिनभाराचे फेरे. उड्डाण संपत आल्यावर पाच सेलची बॅटरी भाराखाली साडेसतरा व्होल्टच्या आसपास येते. ७५० केव्हीची मोटार तेव्हाही तेरा हजारांच्या घरात फिरू शकते, त्यामुळे १०,२०० राखायला गव्हर्नरच्या (फेरे स्थिर ठेवणाऱ्या ईएससीच्या सोयीच्या) हाती पुरेशी शिल्लक राहते. तुमची ११०० केव्हीची मोटार याच व्होल्टेजवर एकोणीस हजारांच्या वर जाऊ पाहते. तिला निम्म्या थ्रॉटलवर दाबून ठेवावे लागते आणि त्याचा ताप ईएससी सोसतो. शेवटी वेग पडतो तो मात्र गव्हर्नर मोड बंद असल्यामुळे. स्थिर थ्रॉटलवर बॅटरी उतरली की फेरेही उतरतात. ग्लोवाल्यांना नाक वर जाताच इंजिन ‘फोर’मधून (मंद, जाड मिश्रणाच्या चालीतून) ‘टू’मध्ये (जोरदार चालीत) जाण्याची सवय असते, ती जागा विजेत गव्हर्नरने भरून निघते. स्लोव्हाकियाच्या इगोर बर्गर यांनी त्वरण मोजून चढताना फेरे वाढवणारा टायमर (ईएससीला आदेश देणारे छोटे यंत्र) केला, पण आधी साधा गव्हर्नर नीट बसू द्या, असे मी आग्रहाने सांगेन.

बॅटरीबद्दल तुम्हीच उत्तर दिले आहे: उड्डाणानंतर चार्जर २,०५० एमएएच परत भरतो. हे ९३ टक्के झाले. लायपोमधून ८० टक्क्यांपेक्षा जास्त काढू नये, म्हणून साडेपाच मिनिटांच्या उड्डाणाला २,६०० ते २,७०० एमएएच घ्या. वजन वाढेल, पण ग्लोच्या टाकीचे वजन उड्डाणात घटत जाते, तसे बॅटरीचे घटत नाही. नाक पहिल्या लूपला जितके जड, तितकेच शेवटच्या लूपला राहते. बॅटरी पुढेमागे सरकवता येईल अशी पट्टी ठेवलीत, तर गुरुत्वमध्य शिसे न लावता साधता येतो.

एक सेटिंग मात्र आजच तपासा. माझ्या पहिल्या विजेच्या विमानात ईएससीचा लो व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज उतरताच मोटार बंद करणारी सोय) चालू राहिला होता. क्लोव्हर या चार पाकळ्यांच्या कसरतीच्या शेवटच्या पाकळीत, विमान डोक्यावर असताना, मोटार अचानक बंद झाली, तारा सैल पडल्या, आणि मागे धावूनही त्या पुन्हा ताणल्या गेल्या नाहीत. पंखाचा बाल्सा अक्षरशः काडी-काडी झाला. कटऑफ बंद करा, मोटार थांबवण्याचे काम टायमरवर सोपवा, आणि थांबण्याच्या काही सेकंद आधी फेऱ्यांत जाणवेल असा इशाऱ्याचा झटका ठेवा.

मोटार उलटी फिरवून पुशर प्रॉप (उलट्या पिचचा पंखा) लावण्याचाही विचार करा. नेहमीच्या दिशेत टॉर्क विमानाला आत, म्हणजे उडवणाऱ्याकडे, झुकवतो. उलट्या दिशेत तो बाहेर झुकवतो आणि टेकऑफला तारा ताणलेल्या राहतात.

टायमरमध्ये सुरुवातीचा विलंब ३० सेकंदांचा ठेवा, म्हणजे हँडलपर्यंत चालत जाता येईल. बॅटरी जोडलेली असताना प्रॉपच्या पुढे कोणीही उभे राहू नये. आर्मिंग प्लग (मोटारीला वीज जोडणारा प्लग) प्रॉपपासून दूर, पंखाच्या मागच्या बाजूला बसवा आणि तो सगळ्यांत शेवटी, सोबत्याने शेपूट धरलेली असतानाच लावा.