वाचकांचे प्रश्न : आभार मानणं जमत नाही तेव्हा

प्रश्न : थोरला मुलगा जाऊन सात महिने झाले. रविवारी उपासनेला जाते, पण गीत सुरू झालं की घसा दाटतो. घरी प्रार्थनेला बसले तर देवाचा राग येतो. चर्चच्या मंडळीतले म्हणतात, 'देवाची इच्छा, आभार मान.' माझा विश्वास खोटाच होता का?
– एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : नाही. खोटा असता तर देवावर रागावण्याचं कारणच उरलं नसतं. आभार आज जमत नसतील तर मानू नका. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तक्रारीच्याही प्रार्थना आहेत, आणि बऱ्याच आहेत. सध्या त्यातल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र घ्या, अवघ्या सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' हा सवाल चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. रोज ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं पुरेत, पहिल्या दोन ओव्या मोठ्याने वाचा आणि तुमचा 'कोठवर' मुलाचं नाव घेऊन सांगा. मग एकच मागणं मागा, तेही आजच्यापुरतं : झोप लागू दे, किंवा दुपार निभू दे.

गल्लत होते ती इथून पुढे. पाचवी ओवी आलीच पाहिजे म्हणून माणूस ती ओढूनताणून म्हणतो, आतून पटत नाही, आणि काही दिवसांत प्रार्थनाच सुटते. तेव्हा चौथ्या ओवीवर थांबलात तरी चालेल. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरीही ते शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्रातला 'तू माझा त्याग का केलास?' हाच प्रश्न विचारला. त्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही.

विश्वास खोल जातो तो बहुधा असाच, उत्तर न मिळताही बोलणं चालू ठेवल्याने. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर आलं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. ख्रिस्त आपल्याला खरा गवसला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मधल्या वर्षांना त्यांनी खोटं ठरवलं नाही.

शरीराकडेही बघा. संदेष्टा एलीया मरण मागून झुडपाखाली झोपला (१ राजे १९), तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं. झोप, भूक दोन आठवडे पार बिघडलेली असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच घरच्या कोणाला तरी सांगा आणि १४४१६ या सरकारी 'टेली मानस' क्रमांकावर फोन करा. तो २४ तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत. औषध घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे.

प्रश्न : अशा घरी भेटायला जावं तर बोलावं काय?

उत्तर : कमीत कमी. बायबलमध्ये मुलंबाळं, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. मग त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले आणि शेवटी देवाचा कोप ओढवून बसले. रोमकरांस ८:२८ ('देवावर प्रेम करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे वचन) तर त्या घरात मुळीच म्हणू नका, दुःखात असलेल्याने स्वतःहून काढलं तर गोष्ट वेगळी. डबा न्या, गेलेल्याचं नाव घ्या, अर्ध्या तासात उठा. आणि महिन्याभराने पुन्हा जा. तोवर बाकीच्यांचं येणं थांबलेलं असतं.