'टेक ऑफ'ची झेक रूपं : एका विद्यार्थिनीला पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ब्रनोमध्ये नोकरी सांभाळून झेकचा अभ्यास चालू ठेवला आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. 'टेक ऑफ'समोर शब्दकोशाने झेक क्रियापदांची रांगच लावली आहे, ती सगळी पाठ करू का, असं तू विचारतेस. करू नकोस. पाठ केलेल्या रांगेतून बोलायच्या वेळी नेमकं नको तेच क्रियापद तोंडात येतं. आधी बघ, काय काढायचं आहे? झेकमध्ये क्रियापद बरंचसं त्या वस्तूवरून ठरतं.

अंगातला कोट किंवा सदरा काढायचा तर 'स्वलेक्नोउत'. डोक्यावरची टोपी, डोळ्यांवरचा चष्मा काढायचा तर 'सुन्दात'. पायातले बूट काढायचे तर 'झोउत'. हे यातलं मला सगळ्यात आवडणारं क्रियापद, कारण ते फक्त पायताणांसाठीच आहे. ज्या देशातल्या झ्लिन गावात १८९४ साली बाटा कंपनी सुरू झाली, तिथे घरात शिरताना बूट दाराशी काढायची रीत आपल्यासारखीच पक्की आहे. 'झुइते से', म्हणजे 'बूट काढा हं', हे तू कुणाकडे गेलीस की ऐकशीलच. मग घरात घालायला सपाता पुढे येतात. त्यांना म्हणतात 'प्रशेझूफ्कि'. त्या शब्दातही 'झोउत'चाच धातू आहे.

एवढे भेद कशाला, असं मनात आलं तर आपल्या बोलण्याकडे बघ. साडी नेसतात, सदरा घालतात, चष्मा लावतात, फेटा बांधतात. इंग्रजीला या सगळ्यांना 'पुट ऑन' पुरतं. 'सदरा नेसला' असं तू झोपेतही म्हणणार नाहीस, आणि त्यासाठी कधी यादी पाठ केली नव्हतीस. वस्तू आणि क्रियापद जोडीनंच कानावर पडत गेलं. झेकही तसंच शिक. वहीत नुसतं 'सुन्दात' लिहू नकोस, 'सुन्दात सि ब्रीले' लिही, म्हणजे चष्मा काढणे. यातला 'सि' म्हणजे 'आपला, स्वतःचा'. टोपी 'चेपित्से', पण ती काढताना 'चेपित्सि' होते. जोडी लिहिलीस की विभक्तीही आपोआप वहीत येते.

बाकीचे अर्थ भराभर सांगते. विमानाचं 'टेक ऑफ' म्हणजे 'वझलेत्नोउत'. 'लेत' म्हणजे उडणं, आणि सुरुवातीचा 'वझ' वर जाणं दाखवतो, आपल्या 'उड्डाण'मध्ये 'उत्' आहे तसा. धंदा जोरात सुरू झाला तर 'रोझ्येत से'. एक दिवस रजा घ्यायची तर 'वझीत सि वोल्नो'. दुकानदाराने किंमत कमी केली तर 'स्लेवित'. कुणी न सांगता पसार झालं तर बोलताना 'विपार्झित से', शब्दशः वाफ होऊन उडून जाणं. कुणाची नक्कल करण्याचा अर्थ सध्या बाजूला ठेव, तो तुला क्वचितच लागेल.

खरी मेहनत पुढे आहे. यातल्या बहुतेक क्रियापदांची जोडी असते. एक चालू क्रियेसाठी, दुसरं पुरी झालेल्या क्रियेसाठी. 'लेतादलो वझलेता', विमान उड्डाण करत आहे. 'लेतादलो वझलेत्लो', विमानाने उड्डाण केलं. तसंच 'स्वलेकात' आणि 'स्वलेक्नोउत', 'झोउवात' आणि 'झोउत', 'सुन्दावात' आणि 'सुन्दात'. 'सुन्दावाम सि ब्रीले' म्हणजे मी आत्ता चष्मा काढते आहे. 'सुन्दाम सि ब्रीले' दिसायला वर्तमानकाळ, पण अर्थ भविष्याचा : मी चष्मा काढीन. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात. तुला मात्र 'थांब, चष्मा काढते' हे वाक्य आठवलं तरी वाट सापडेल. तिथेही रूप वर्तमानाचं आणि काम अजून व्हायचं आहे.

एका बाबतीत मात्र मराठी तुला फसवेल. आपण 'मी कोट काढला' आणि 'मी टोपी काढली' म्हणतो, म्हणजे भूतकाळात क्रियापद वस्तूच्या लिंगाने बदलतं. झेकमध्ये ते काढणाऱ्याच्या लिंगाने बदलतं. तू कोट काढ, नाहीतर जाकीट, तू 'स्वलेक्ला'च म्हणणार. तुझ्या शेजारचा मुलगा 'स्वलेक्ल' म्हणेल. आणि तो चिमुकला 'सि' वाक्यात शक्यतो दुसऱ्या जागी बसतो, 'य्सेम' (मी आहे) असेल तर त्याला चिकटून : 'काबात य्सेम सि स्वलेक्ला', मी कोट काढला. कोट आधी आला तरी 'सि' आपली जागा सोडत नाही.

शब्दकोशाच्या जोडीला झेक राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या झेक मजकुरांचा मोठा संग्रह, वापरायची सवय लाव. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात त्यासाठी १९९४ साली संस्था स्थापन झाली. तिच्या 'इंटरकॉर्प' संग्रहात मूळ मजकूर आणि अनुवाद वाक्याला वाक्य जोडून ठेवलेले आहेत. तिथे 'टेक ऑफ'ची वाक्यं वाचताना क्रियापदाआधी कर्माकडे बघ. अनुवादकाने काय निवडलं आणि का, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

पुढच्या पत्रात 'पुट ऑन' घेऊ. कपड्यांना 'ओब्लेत्स्त', बुटांना 'ओबोउत', टोपी आणि चष्म्याला 'नासादित', आणि वजन वाढलं तर यांच्याशी काहीच नातं नसलेलं 'प्रशिब्रात'. चारही क्रियापदांच्या जोड्या शोध, प्रत्येकीची दोन वाक्यं लिही आणि मला पाठव. वाक्यं तुझ्या रोजच्या दिवसातली असू देत.

तुझ्या,
बाई