इंजिन नाही, मग 500 किलोमीटर कसे?

गेल्या अंकात मी दक्षिण जर्मनीतल्या क्लिपेनेकला दर उन्हाळ्यात आमचा ग्लायडिंग (बिनइंजिनाचं विमान उडवणाऱ्यांचा) क्लब दोन आठवडे तळ ठोकतो, त्याबद्दल लिहिलं होतं. पत्रं बरीच आली. त्यातली तीन घेते.

ग्लायडरला इंजिन नसतं म्हणता आणि 500 किलोमीटर फिरून परत येता म्हणता. गणित जुळत नाही. (निवृत्त गणित शिक्षक, सांगली)

सर, गणितच मांडू या. आमचं ग्लायडर जरा वेगात दामटलं, तर 1000 मीटर उंची खर्चून 30 किलोमीटर पुढे जातं. ती उंची परत कमवायला थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, घारीसारख्या घिरट्या घालायच्या. सेकंदाला 2 मीटर चढलो तर आठ-साडेआठ मिनिटं लागतात. 500 किलोमीटरला असं साधारण 17 वेळा. चढण्यात सव्वादोन-अडीच तास, ताशी 140च्या वेगानं पुढे जाण्यात साडेतीन. सहा तासांत घरी.

थर्मल डोळ्यांना दिसत नाही, तिच्या माथ्यावर जमलेला ढग दिसतो. बूड सपाट, कडा ठसठशीत असेल तर ढग कामाचा. कडा विरायला लागल्या की तिकडे फिरकू नये. माझा ढगापेक्षा घारींवर भरवसा जास्त. तिकडे तांबड्या घारी भरपूर, त्या गोल फिरताना दिसल्या की मी मुकाट त्यांच्यात जाऊन मिसळते. शिवाय क्लिपेनेक ज्या श्वाबिश आल्बवर आहे ते चुनखडीचं पठार. पाणी मुरून जातं, कोरडी जमीन लवकर तापते आणि थर्मल उठतात.

आणि 500चं कौतुक फार नको. हान्स-वेर्नर ग्रोसे 1972मध्ये जर्मनीच्या ल्युबेकहून उडाले ते फ्रान्समध्ये बिआरित्झला उतरले. एका दिवसात 1460 किलोमीटर!

मुलीनं ग्लायडिंगचं खूळ घेतलंय. वाटेत हवाच मिळाली नाही तर कोसळता का हो? (एक आई, चिपळूण)

कोसळत नाही ताई, शेतात उतरतो. माझा तिसरा उन्हाळा होता. दुपारी तीनला वर पातळ ढगांची चादर पसरली, ऊन मंदावलं, थर्मल बसल्या. 600 मीटरवर आलं की उतरायला बरा मुलूख शोधायचा, असं शिकवलेलं असतं. मी मात्र शेवटच्या एका ढगाच्या मागे लागले आणि शेत ठरवेपर्यंत 350 मीटरवर आले. हा शुद्ध मोह, दुसरं काही नाही. मका वरून हिरवळीसारखा दिसतो, जुलैत तो डोक्याइतका उंच असतो. विजेच्या तारा दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. शेवटी कापणी झालेलं गव्हाचं रान सापडलं. चाक टेकलं आणि पोटाखाली धसकटं करकर वाजत गेली, तो आवाज अजून कानात आहे.

शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यानं विचारलं, "लागलं का कुठे?" मग पाणी दिलं. तीन तासांनी क्लबची मंडळी लांबलचक ट्रेलर घेऊन आली, पंख उतरवून ग्लायडर त्यात घातलं. आणायला येणाऱ्यांचं रात्रीचं जेवण उतरणाऱ्याच्या खिशातून, असा रिवाज. भूक सगळ्यांनाच जबर होती.

मुलीला पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला घेऊन जा, पण ते सध्या चालू आहे ना, ते आधी विचारून घ्या. मीही कॉलेजात असताना तिथेच पहिल्यांदा विंचच्या, म्हणजे जमिनीवरून ग्लायडर ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरावर वर गेले. प्रवेशाचं आणि वयाचं तिथेच विचारा.

सहा तास बसायचं तर लघवीचं काय? (नाव छापू नये, नाशिक)

नाव न छापण्यासारखं यात काही नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पुरुषांना पिशवी पुरते. आम्ही बायका मोठ्यांचे डायपर वापरतो. पाणीच न पिण्याचा शहाणपणा मी पहिल्या वर्षी केला. पाचव्या तासाला डोकं ठणकत होतं आणि उंचीचा काटा दोनदा वाचूनही आकडा मनात राहत नव्हता. आता दीड लिटर नेते आणि संपवते.

फक्त एक करा. शरीर पहिल्यांदा ऐकत नाही, तेव्हा आधी घरी खुर्चीत बसून सराव करा. मी केला होता. नवरा दारात उभा राहून "झालं का?" विचारत होता, आणि हसू आवरेना म्हणून तासभर काही झालं नाही.