मोरीतल्या दगडापाशी

अगं, प्रार्थनेला वेळ मिळत नाही म्हणून रडू नकोस. मोरीतला धुण्याचा दगड आहे ना? तिथूनच सुरू कर. बायबलमधल्या स्तोत्र 51 मध्ये दावीद राजा देवाला 'मला धुऊन काढ' म्हणतो, तिथला मूळ हिब्रू शब्द कपडे तुडवून धुण्याचा आहे. नुसतं खळबळून काढण्याचा नव्हे. कॉलरचा मळ नेमका तिथेच साबण घासल्यावर जातो. तसंच रात्री 'देवा, मी पापी' असं मोघम नको. 'आज सासूबाईंना उलटून बोलले' असं नेमकं सांग. सकाळी त्यांचीही क्षमा माग. जड जातं, मला अजूनही जातं. पावसाळ्यात म्हापशाला कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कुबट वास मारतो. उद्यावर ढकललेला रागही तसाच. बांगडे साफ करताना मात्र मला काही सुचत नाही, नुसतं गुणगुणते.